जवळचे अधिकृत गॅरेज

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. संहिता बारकाईने वाचावी, तिच्यात काय म्हटले आहे याइतकेच काय म्हटलेले नाही याकडेही लक्ष द्यावे, असे गेली अठरा-वीस वर्षे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलो आहोत. अशा माणसांनी सलग चार वर्षे एका कागदाचे पैसे तो न वाचता भरावेत आणि त्या कागदाचा अर्थ आंबा घाटातल्या एका वळणावर, अंधार पडत असताना, फोनवरच्या अनोळखी आवाजाकडून समजून घ्यावा, ही गोष्ट भूषणावह नव्हे. तरीही ती सांगावीशी वाटते. एक तर जुनी गाडी बाळगणाऱ्या कुणाला तिचा व्यावहारिक उपयोग होईल. आणि दुसरे म्हणजे त्या कागदाने आम्हांला वाचनाविषयी जे शिकवले, ते वर्गातल्या व्याख्यानांनी शिकवले नव्हते.

आमची गाडी १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. ‘आमची’ म्हणजे वस्तुतः नानांची. नाना आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. कोल्हापुरात दिवाणी वकिली करून, पैसे साठवून, नंबर लागण्याची वाट पाहून त्यांनी ती घेतली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. मूळची ही इटलीची फियाट ११००. ‘पद्मिनी’ हे नाव तिला सत्तरच्या दशकात मिळाले. चितोडची जी राणी सोळाव्या शतकात जायसीच्या ‘पद्मावत’मुळे काव्यात अजरामर झाली, तिचे हे नाव. घरात मात्र तिला कुणी पद्मिनी म्हटले नाही. ती ‘फियाट’च राहिली. १०८९ सीसीचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यालाच बसवलेला गिअर आणि पुढे सलग बाक. त्या बाकाच्या डाव्या बाजूला आई बत्तीस वर्षे बसली.

नाना २०२० साली गेले. गाडी आमच्याकडे आली. तिच्याबरोबर नानांची एक सवय यायला हवी होती, ती आली नाही. अट वाचल्याशिवाय सही करू नये, हे ते अशिलांना सांगत तसेच आम्हांलाही सांगत. आम्ही विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी एजंटाने दाखवलेल्या जागी सही करत गेलो. त्याने विम्याला जोडून ‘रोडसाइड असिस्टन्स’ही घातले होते. गाडी वाटेत बंद पडली तर एका फोनवर मदत येईल, असे त्याने सांगितले आणि आम्ही ते खरे मानले. काही शे रुपयांत निश्चिंतता विकत मिळत असेल तर ती कोण नाकारील?

मे २०२४ मध्ये आईला घेऊन आम्ही रत्नागिरीला मावशीकडे गेलो होतो. परतताना साखरपा मागे टाकून घाट चढू लागलो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर इंजिनाने मान टाकली. उन्हाळ्यात, चढावर, जुन्या गाडीच्या बाबतीत पहिला संशय असतो तो पेट्रोलची वाफ होण्याचा. पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच बसवलेला असल्याने तो तापतो, नळीत वाफ धरते आणि कार्ब्युरेटरपर्यंत इंधन पोहोचत नाही. यावरचा उपाय नानांनी शिकवला होता. पंपावर ओले फडके टाकायचे आणि वाट पाहायची. आम्ही फडके टाकले. अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली, जेमतेम एक किलोमीटर चालली आणि पुन्हा थांबली. असे तीनदा झाले. चौथ्यांदा ती सुरू झालीच नाही.

तेव्हा साडेसहा वाजले होते. फोनला रेंज नव्हती. आमच्यापैकी एक जण वळणावळणाने वर चालत गेला आणि रेंज मिळाल्यावर त्याने कागदावरचा क्रमांक लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एका मुलीने अत्यंत सौजन्याने गाडीचा क्रमांक विचारला आणि तितक्याच सौजन्याने सांगितले, की पंधरा वर्षांपेक्षा जुन्या वाहनाला ही सेवा लागू नाही. पैसे घेतले आहेत ना, असे विचारले तर ती म्हणाली, “सर, अटींमध्ये लिहिलेले आहे.” लिहिलेले होतेच. नंतर घरी पाहिले, तर अकराव्या पानावर होते.

इकडे गाडीत आईला दरदरून घाम सुटला होता. ती मधुमेहाच्या गोळ्या घेते. दुपारचे जेवण लवकर झालेले आणि संध्याकाळचे खाणे हुकलेले. हात थरथरू लागले तेव्हा साखर उतरल्याचे ध्यानात आले. पिशवीत पाण्याशिवाय काही नव्हते. कोल्हापूरहून गूळ घेऊन खाली उतरणारा एक ट्रक थांबला आणि क्लीनरने गुळाचा मुठीएवढा खडा फोडून दिला. आईने तो चघळला, वर पाणी प्याली. पंधरा-वीस मिनिटांनी तिचा आवाज पूर्ववत झाला. पुढे वर जाणाऱ्या दुसऱ्या एका ट्रकने साखळी लावून आम्हांला आंब्यापर्यंत ओढत नेले. रात्र तिथेच काढली. त्या रात्री आई एकच वाक्य बोलली. “गाडी विका असं मी म्हणणार नाही. पण मला पुन्हा असं रस्त्यावर बसवू नका.”

हे वाक्य आम्ही अनेक अंगांनी वाचून पाहिले. त्यात एक परवानगी होती आणि एक अट होती. अट पाळता येत नसेल तर परवानगीला अर्थ नव्हता. म्हणजे गाडी ठेवायची असेल तर तिच्या मदतीची खरी तजवीज करायला हवी, नाहीतर ती विकायला हवी. तिसरा मार्ग आईने ठेवलेला नव्हता.

दोष पंपाचा नव्हताच, हे दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी पाच मिनिटांत सांगितले. दोष इग्निशन कॉइलचा होता. गार असली की ठिणगी देते, तापली की देत नाही; म्हणून गाडी थांबून थांबून चालत होती. लक्षणे सारखी, रोग निराळा. आम्ही पाठ केलेले उत्तर लिहून मोकळे झालो होतो. मिस्त्री नानांच्या वेळेपासूनचे. आता सत्तरीला टेकले आहेत. आम्ही मदतीच्या योजनांचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, “सर, कुठंबी बंद पडू दे, हितं आणून टाका म्हंजे झालं. वाटंत दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका.”

त्यांचे हे दोन वाक्यांचे सूत्र हाती आले नसते तर पुढचे वाचन आम्हांला जमले नसते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही निरनिराळ्या कंपन्यांचे पाच करारनामे मिळवले आणि पेन्सिल घेऊन बसलो. कथेचे घटक शिकवताना आपण पात्र, प्रसंग, स्थळ आणि शेवट असे पाहतो. सवयीने तेच इथेही केले आणि आश्चर्य म्हणजे ते उपयोगी पडले.

पात्र म्हणजे गाडी. प्रत्येक करारात ‘वाहन’ या शब्दाची व्याख्या असते आणि खरी छाटणी तिथेच होते. कुठे दहा वर्षांची मर्यादा, कुठे पंधरा. एका ठिकाणी मर्यादा नव्हती, पण ‘उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे देखभाल झालेले वाहन’ असे म्हटले होते. पद्मिनीचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले. उत्पादकाच्या सांगण्याप्रमाणे देखभाल करायची तर आधी उत्पादक शोधायला हवा. गंमत अशी, की कायद्याच्या दृष्टीने आमची गाडी पूर्णपणे जिवंत आहे. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. २००३ पासून २०२३ पर्यंत आमच्या गाडीने ही परीक्षा पाच वेळा दिली आणि पाचही वेळा ती उत्तीर्ण झाली. शासन जिला रस्त्यावर चालायला योग्य म्हणते, तिला करार वाहनच मानत नाही. मोटार विम्याच्या जुन्या दरपत्रकात ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी वेगळी तरतूद आहे, पण ती १९४० अखेरपर्यंत बनलेल्या गाड्यांसाठी. २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज वाहनांची जी स्वतंत्र नोंदणी सुरू केली, तिला पन्नास वर्षे पूर्ण व्हावी लागतात. आमची गाडी म्हणजे नव्यांच्या दृष्टीने म्हातारी आणि म्हाताऱ्यांच्या दृष्टीने पोरवयाची. प्राध्यापकी पेशातल्या चाळिशीच्या माणसांना ही अवस्था अपरिचित नसावी.

प्रसंग म्हणजे नादुरुस्ती. करारांत जे प्रसंग गृहीत धरलेले असतात ते आजच्या गाडीचे. बॅटरी उतरणे, टायर पंक्चर होणे, किल्ली आत राहणे, पेट्रोल संपणे. आमची बॅटरी उतरली तर चार माणसे ढकलून गाडी सुरू करतात. किल्ली आत राहिली तर पुढची त्रिकोणी काच ढकलून हात घालता येतो. ही विद्या आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाला अवगत आहे. पंक्चरसाठी येणारा माणूस ट्यूबलेस टायरचे साहित्य आणतो आणि आमच्या टायरात ट्यूब आहे. आमचे खरे प्रसंग निराळे. पॉइंट जळणे, कंडेन्सर जाणे, कॉइल तापणे, पंपाचा पडदा फाटणे. त्यांची नावेही त्या कागदांवर नव्हती. त्यांना ‘किरकोळ दुरुस्ती’ म्हणायचे की ‘यांत्रिक बिघाड’, हे फोन उचलणाऱ्याने ठरवायचे. शिवाय एक कलम असे, की त्याच दोषासाठी ठरावीक दिवसांत पुन्हा मदत मिळणार नाही. तापली की थांबणारी आणि गार झाली की चालणारी गाडी एकच दोष तासात चार वेळा दाखवते. तिचे काय करायचे?

स्थळाच्या कलमांत आकडे असतात आणि आकडे नकाशासमोर ठेवून वाचायचे असतात. ‘पन्नास किलोमीटरपर्यंत विनामूल्य टोइंग’ हे वाचायला उदार वाटते. आंबा घाट ते आमचे घर हे अंतर साठ-पासष्ट किलोमीटर भरते. म्हणजे ती उदारता आम्हांला मलकापूरच्या पुढे कुठेतरी उसाच्या फडाशेजारी उतरवून परत गेली असती. शिवाय अंतर कुठून मोजायचे? काही करार ते बिघाडाच्या जागेपासून मोजतात, काही टोइंगची गाडी जिथून निघते तिथून. एकाच आकड्याचे हे दोन अर्थ आणि त्यांतला फरक शेकडो रुपयांचा.

पण सगळ्यांत महत्त्वाचा निघाला तो शेवट. पाचांपैकी चार करारांत जवळजवळ एकच शब्दयोजना होती: वाहन ‘जवळच्या अधिकृत गॅरेजपर्यंत’ पोहोचवले जाईल. या तीन शब्दांवर आम्ही एक संपूर्ण दुपार घालवली. अधिकृत म्हणजे उत्पादकाने नेमलेले. आमच्या उत्पादकाने नेमलेले गॅरेज आता या पृथ्वीतलावर नाही. तेव्हा करार शब्दशः पाळायचा तर आमची गाडी उचलून कुठेच नेता येत नाही; आणि सैल अर्थाने पाळायचा तर ती अशा कुठल्या तरी चकचकीत शेडमध्ये जाऊन पडेल, जिथे संगणकाची वायर जोडायला जागा नाही म्हणून तिच्याभोवती सगळे हसत उभे राहतील. मदत किती मिनिटांत येते, याची जाहिरात सगळे करतात. मदत आपल्याला कुठे नेऊन सोडते, हे कुणी सांगत नाही. जुन्या गाडीच्या मालकाने मात्र पहिला प्रश्न तोच विचारावा, असे आमचे मत झाले आहे. तिला हवा असतो तो तिला ओळखणारा माणूस. करार त्याची जागा घेऊ शकत नाही. फार तर त्याच्या दारापर्यंत आणून पोहोचवू शकतो.

न लिहिलेल्या गोष्टी वाचण्याची परंपरा या व्यवसायात जुनी आहे. १९०५ साली ब्रिटनमध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा तिचे सायकलस्वार सेवक रस्त्यात भेटणाऱ्या सभासदांना सलाम करत. पुढे वेगमर्यादेसाठी पोलीस दबा धरून बसले आहेत अशी उघड सूचना देणे न्यायालयाने गुन्हा ठरवले. तेव्हा संस्थेने युक्ती काढली. सेवकाने सलाम केला नाही, तर सभासदाने पुढे धोका आहे असे समजावे. सलाम न करणे गुन्हा कसा ठरवणार? आपल्याकडेही १९१९ साली मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन उभी राहिली. अशा संस्थांत मदत हे मूलतः सभासदत्वाचे नाते होते. आज ते बहुतांशी विम्याच्या शेपटाला बांधलेले कलम झाले आहे आणि न केलेला सलाम अकराव्या पानावर शोधावा लागतो.

असो. निवड कशी केली ते सांगतो. विम्याला जोडून येणारी सेवा वयाच्या अटीमुळे बाद झाली. उत्पादकाची सेवा उत्पादकाबरोबरच संपलेली. उरल्या त्या स्वतंत्र कंपन्यांच्या वार्षिक योजना. त्यांतल्या दोघांना आम्ही पत्र लिहिले. फोन केला नाही, कारण फोनवरचा होकार घाटात दाखवता येत नाही. पत्रात चार प्रश्न होते. १९८८ ची गाडी चालेल का? शंभर किलोमीटरपर्यंत, बिघाडाच्या जागेपासून मोजून, न्याल का? आम्ही सांगू त्या गॅरेजला न्याल का? आणि संपूर्ण गाडी वर घेणारे फ्लॅटबेडच पाठवाल का? शेवटचा प्रश्न हौसेचा नव्हे. पद्मिनीची ताकद मागच्या चाकांना जाते. पुढची चाके उचलून ती ओढत नेली, तर मागच्या चाकांबरोबर लांबचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरत राहतो आणि इंजिन बंद असल्याने तिथे तेल नीट पोहोचत नाही. शिवाय बंपरला हूक अडकवायचा नसतो. तो चकचकीत असला तरी ओढ सहन करण्यासाठी केलेला नाही. एका कंपनीने छापील माहितीपत्रक पाठवले. दुसरीने आमच्या चारही प्रश्नांना क्रमवार, सही-शिक्क्यानिशी होकार दिला आणि वर्गणी जवळजवळ दुप्पट सांगितली. आम्ही ती भरली.

एवढ्याने आईची अट पूर्ण होत नव्हती, हेही कबूल करायला हवे. रेंज नसलेल्या घाटात उत्तम करारही मुका असतो. म्हणून डिकीत एक पत्र्याचा डबा ठेवला. त्यात पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, फॅनबेल्ट आणि रबरी नळी आहे. मिस्त्रींनी ते बसवायलाही शिकवले. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबर लवकर खराब होते म्हणून इंधनाच्या नळ्या बदलून घेतल्या. राष्ट्रीय महामार्गाचा १०३३ हा मदत क्रमांक डॅशबोर्डवर चिकटवला. आईच्या पिशवीत गूळ आणि बिस्किटे आली. आणि सर्वांत अवघड निर्णय असा, की उन्हाळ्यात घाट चढायचा असेल तेव्हा आई या गाडीतून येणार नाही. भाड्याच्या गाडीने येईल. करार निवडणे म्हणजे गाडीच्या मर्यादा लेखी मान्य करणेही असते, हे आम्हांला जरा उशिरा कळले.

त्या कराराची परीक्षा जुलै २०२५ मध्ये झाली. नृसिंहवाडीहून दर्शन घेऊन येताना, सपाट रस्त्यावर, हातकणंगल्याच्या अलीकडे पंपाचा पडदा फाटला. डब्यात तेवढाच नव्हता. फोन केला. सत्तर मिनिटांनी फ्लॅटबेड आले. तोवर आई एका हॉटेलात चहा घेत बसली होती. वीस-बावीस वर्षांचा चालक उतरला, त्याने मोबाइलमध्ये पाहिले आणि म्हणाला की गॅरेजच्या यादीत उद्यमनगरातले हे नाव नाही. आम्ही सही-शिक्क्याचे पत्र पुढे केले. त्याने ते उभ्याउभ्या वाचले, कार्यालयाला फोन लावला, दहा मिनिटे बोलला आणि मान हलवली. वाचलेल्या मजकुराचा इतका तत्काळ परिणाम आमच्या अध्यापकीय आयुष्यात आम्ही पाहिला नव्हता.

मग तो गाडीत जाऊन बसला, जमिनीवर हात फिरवू लागला आणि गोंधळून बाहेर आला. “सर, गिअर कुठाय?” आम्ही दोघे साखळीजवळ उभे होतो. उत्तर द्यायच्या आत आई हॉटेलातून उठून आली. तिने आयुष्यात कधी गाडी चालवलेली नाही. डाव्या दारातून वाकून तिने सुकाणूखालच्या दांड्यावर हात ठेवला. “हा बघ बाळा, इथं. मधोमध आणायचा. असा सैल हलला की न्यूट्रल.” दांडा सैल हलला. गाडी हळूहळू वर चढली आणि आई तिच्याकडे पाहत उभी राहिली.

उद्यमनगरात मिस्त्री शटर अर्धे उघडे ठेवून थांबले होते. त्यांच्यानंतर ही गाडी कोण उघडणार, हा प्रश्न आमच्या कोणत्याही करारात नाही. मुंबईची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे बंद झाली तेव्हापासून सुटे भाग मिळायला वेळ लागतो, असे तेही म्हणतात. करार वर्षाचा आहे; कंपनी पुढच्या खेपेला अटी बदलू शकते. त्यांतले काहीच आमच्या हाती नाही. नूतनीकरणाचा कागद आला की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तो मोठ्याने वाचायचा आणि मगच सही करायची, एवढे मात्र ठरले आहे. या वर्षी तो वाचताना आई समोर बसली होती. अकराव्या पानाशी तिने थांबवले आणि म्हणाली, “हे परत वाचा.”